हनुक्का: पहिला दिवा शुक्रवारी, वेळ सांभाळा

सर्व सभासदांना शालोम.

यंदा हनुक्काची, म्हणजे आपल्या ज्यूंच्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाची, पहिली रात्र शुक्रवार, ४ डिसेंबर २०२६ रोजी येते. म्हणजे दिव्यांची घाई शब्बाथच्या (शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या, आग न पेटवण्याच्या दिवसाच्या) आधीच. मुंबईत सूर्यास्त सहाच्या सुमारास, तेव्हा साडेपाचपर्यंत आधी हनुक्काचा दिवा आणि मगच शब्बाथचे दिवे लावावेत. उलट करू नये. चांदण्या दिसल्यावरही अर्धा तास ज्योत टिकायला हवी. केकवरच्या बारीक मेणबत्त्या तोवर तग धरत नाहीत. काचेच्या पेल्यात खोबरेल तेल आणि कापसाची वात उत्तम. शनिवारी मात्र शब्बाथ संपल्याशिवाय काडी ओढायची नाही.

वाती रोज एक वाढवत उजवीकडून मांडायच्या, पण पेटवताना त्या दिवशीची नवी आधी, म्हणजे डावीकडून. दरवर्षी कुणीतरी चुकतंच! शमाश, म्हणजे बाकीचे दिवे पेटवायचा मदतनीस दिवा, वेगळा, जरा उंच. दिव्यांच्या उजेडात वाचन-शिवण करत नाहीत, त्यासाठी शमाश आहे.

मुलं विचारतीलच म्हणून थोडक्यात: अँटायोकस या ग्रीक वंशाच्या राजाने यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं होतं. त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या ज्यूंचा नेता यहूदा मक्काबी याने इ.स.पू. १६४ मध्ये ते शुद्ध करून पुन्हा अर्पण केलं. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं ही कथा तल्मूद या नंतरच्या ज्यू धर्मग्रंथातली. या लढ्याचा इतिहास सांगणाऱ्या मक्काबींच्या ग्रंथांत ती नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली पूर्वजांना शनिवार तेली (शनिवारी काम न करणारे तेली) म्हणत, पण हा तेलाचा सण त्यांना पुष्कळ उशिरा कळला, ही गंमतच.

तळणीचं काहीतरी हवंच. सुफगानियोत (तळलेले गोड डोनट) जमत नसतील तर घारगे करा.