डच आरमाराविषयी मुलीस पत्र

वेंगुर्ला

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये पीट हाइन आणि मार्टेन ट्रॉम्प या दर्यासारंगांच्या समाध्या पाहिल्यावर तू विचारलेस की, एवढ्याशा देशाने इंग्लंडला समुद्रावर नमवले तरी कसे. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

आधी एक घोटाळा दूर करतो. आपल्या वेंगुर्ल्यात १६३७ साली वखार घालणारे आणि गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करणारे डच हे त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे लोक होते. राष्ट्राचे आरमार वेगळे, आणि तेही पाच प्रांतिक अ‍ॅडमिरल्टींमध्ये, म्हणजे आरमाराचा कारभार पाहणाऱ्या मंडळांमध्ये, विभागलेले होते. त्यांचा खर्च मुख्यतः आयात-निर्यातीवरील जकातीतून चाले, आणि खलाशांना जेवू घालण्याची जबाबदारीसुद्धा दर माणशी ठरलेली रक्कम घेऊन कप्तानच उचलत असे. १६४८ मध्ये स्पेनशी तह होताच काटकसरीच्या नावाखाली बरीच लढाऊ जहाजे मोडीत काढली गेली किंवा विकली गेली. त्यामुळे १६५२ साली इंग्लंडशी युद्ध जुंपले, तेव्हा भाड्याच्या व्यापारी जहाजांवर तोफा चढवून लढण्याची पाळी आली. १६५३ च्या ऑगस्टमध्ये शेवेनिंगनजवळ ट्रॉम्प गोळी लागून पडला. त्याच युद्धात साठ नवी जहाजे बांधण्याचे ठरले आणि युद्ध संपल्यावरही ती विकायची नाहीत, असा निर्णय झाला. माझ्या मते कोणत्याही लढाईपेक्षा हा निर्णय मोठा आहे, कारण कायमचे आरमार तिथून सुरू झाले.

त्याचे फळ इंग्लंडशी झालेल्या दुसऱ्या युद्धात, १६६७ च्या जूनमध्ये, दिसले. पैसा नाही म्हणून इंग्लंडच्या चार्ल्स राजाने आपली मोठी जहाजे मेडवे नदीत, चॅटमच्या गोदीजवळ, नांगरून ठेवली होती, आणि खलाशांच्या हातात पगाराऐवजी चिठ्ठ्या पडत होत्या. लहानपणी व्लिसिंगनच्या दोरखंडाच्या कारखान्यात राबलेला मिखिल द रॉयटर तेव्हा डच आरमाराचा सेनापती होता. त्याच्या ताफ्याने नदीवर आडवी बांधलेली लोखंडी साखळी तोडली, नांगरलेली जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे इंग्रजांचे मानाचे जहाज ओढून हॉलंडला नेले. पगार थकलेले काही इंग्रज खलाशी त्या दिवशी डच जहाजांवर होते, ही बाब मला साखळीहूनही बोलकी वाटते. पुढच्याच महिन्यात ब्रेडाचा तह होऊन युद्ध संपले. त्या जहाजाच्या पिछाडीवरचे सिंह आणि एकशृंगी घोड्याचे कोरीवकाम अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, ते अवश्य पाहा.

पण आरमारावर काटकसर करण्याची चूक डचांनी पुन्हा केली. १६७५ मध्ये वृद्ध द रॉयटरला, त्याने हरकत घेऊनही, अपुऱ्या जहाजांनिशी सिसिलीकडे फ्रेंचांवर धाडले गेले, आणि १६७६ मध्ये तिथेच जखमी होऊन तो गेला. अठराव्या शतकात कर्ज वाढत गेले, आरमार खंगत गेले आणि १७९७ मध्ये कॅम्परडाउनला इंग्रजांनी त्याचा पुरता पराभव केला.

विसाव्या शतकातले दोन प्रसंग मात्र तू नीट वाच. द रॉयटरच्या जहाजाचेच नाव दिलेल्या ‘द झेव्हेन प्रोव्हिन्सियन’ या युद्धनौकेवर १९३३ साली सुमात्राजवळ पगारकपातीविरुद्ध इंडोनेशियन आणि डच नाविकांनी मिळून उठाव केला. सरकारने तिच्यावर विमानातून बॉम्ब टाकून माणसे मारली. मुंबईतील १९४६ चा नाविकांचा उठाव ठाऊक असलेल्या आपल्यासारख्यांना त्या नाविकांची बाजू निराळी समजावून सांगावी लागत नाही. दुसरा प्रसंग २७ फेब्रुवारी १९४२ चा. जावा समुद्रात जपान्यांनी ‘द रॉयटर’ आणि ‘जावा’ या क्रूझर बुडवल्या आणि सेनापती कारेल डोरमन जहाजाबरोबरच गेला. त्यानंतर ‘अब्राहम क्रेन्सेन’ ही छोटी सुरुंगशोधक नौका अंगावर झाडांच्या फांद्या बांधून, दिवसा बेटासारखी किनाऱ्याला उभी राहून आणि रात्री प्रवास करून ऑस्ट्रेलियाला सुखरूप पोहोचली. ती डेन हेल्डरच्या नौदल संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. परीक्षा आटोपल्यावर तिकडे एक दिवस काढ आणि काय पाहिलेस ते सविस्तर कळव.

तुझे बाबा