निविदेआधी ग्रंथपालाला विचारा

महोदय,

रत्नागिरी, ओरोस आणि अलिबागला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये झाली, तशी यंत्रे आणि तपासणी किटची खरेदीही वाढणार. विक्रेत्याने आणून दिलेले दोन-तीन शोधनिबंध फायलीला जोडले की पुराव्याचा रकाना भरतो. खरा शोध कोणी घ्यायचा, हे मात्र ठरलेले नसते. ते काम रुग्णालयाच्या ग्रंथपालाचे आहे.

लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) झटपट तपासणीचे रॅपिड किट घ्या. त्यात दिसणारी आयजीएम प्रतिपिंडे साधारण आजाराच्या पाचव्या ते सातव्या दिवसापासून सापडू लागतात. भातलावणी करून तापाच्या दुसऱ्याच दिवशी आलेल्या माणसाची चाचणी लेप्टो असूनही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून माहितीपत्रकातली संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती जण चाचणीत सापडतात) कितव्या दिवसाच्या रक्तावर काढली, ते पाहायचे. एकीकडे पक्के निदान झालेले रुग्ण आणि दुसरीकडे निरोगी रक्तदाते घेतले, तर साधारण किटही उत्तम दिसते. डेंगी, मलेरिया, स्क्रब टायफसचे ताप समोर आले की खरे काय ते कळते.

समजा, संवेदनशीलता आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जण निगेटिव्ह येतात) दोन्ही ९० टक्के. तपासलेल्या १०० जणांत ४० लेप्टोचे असतील, तर ३६ खरे आणि ६ खोटे पॉझिटिव्ह येतात. पावसाळा सरून तेच रुग्ण १० वर आले, की ९ खरे आणि ९ खोटे. किट तेच, पण निम्मे पॉझिटिव्ह चुकीचे!

ग्रंथपाल आधी प्रश्न बांधून घेतो: रुग्ण कोण, चाचणी कोणती, तुलना मॅट या प्रतिपिंडांच्या प्रयोगशाळा चाचणीशी की जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआरशी, निष्कर्ष कशावर. मग पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत मेश संज्ञा (सूचीचे ठरलेले विषयशब्द) आणि साधे शब्द दोन्ही टाकतो, कारण सगळ्याच निबंधांना मेश संज्ञा लागलेल्या नसतात. फक्त चाचणीच्या अचूकतेचे निबंध निवडणारे तयार फिल्टर लावले की कामाचे निबंधही गळतात, तो मोह टाळावा. शोधसूत्र, तारीख, किती निबंध मिळाले, किती वगळले आणि का, हे टिपणात लिहायचे आणि सूत्र दुसऱ्या ग्रंथपालाकडून तपासून घ्यायचे. किट घ्यायचे की नाही, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ठरवतील.

शिरेतून औषध मोजून देणाऱ्या इन्फ्युजन पंपासारख्या यंत्रांसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेची ‘मॉड’ ही तक्रारींची नोंद फुकट पाहता येते. मात्र तक्रारींच्या संख्येवरून दोषाचे प्रमाण काढता येत नाही. बिघाड कोणत्या प्रकारचे, एवढेच कळते. खाऱ्या दमट हवेत यंत्र कसे टिकते आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसांनी येतो, हे निबंधांत क्वचितच सापडते. ते तेच यंत्र वापरणाऱ्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या रुग्णालयाला फोन करून विचारावे.

देशपातळीवर आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये ‘एचटीएइन’ ही आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करणारी यंत्रणा सुरू केली. त्यांचे अहवाल आधी पाहावेत, म्हणजे झालेले काम पुन्हा होणार नाही. पण जिल्ह्यातली प्रत्येक खरेदी तिथे जाणार नाही.

स्पेसिफिकेशन ठरल्यावर शोध सांगितला, तर तो ठरलेल्या मॉडेलच्या समर्थनापुरता उरतो. म्हणून ग्रंथपालाला खरेदी समितीच्या पहिल्या बैठकीलाच बोलवावे. जिथे ग्रंथपाल नाही, अशा रुग्णालयांनी जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे लेखी प्रश्न पाठवावा आणि आलेले टिपण निविदेच्या फायलीत लावावे.

– दोन वैद्यकीय ग्रंथपाल, रत्नागिरी