विहिरीकडचा तुकडा

सावंतवाडी, रविवार

प्रिय बाळ्या,

पत्राला उत्तर नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, आणखी घाल. आईचे गुडघे तसेच, माझी साखर तशीच.

दादा परडं विकतोय. विहिरीकडचा तुकडा, म्हणजे पपनस त्यातच गेलं. काल गिऱ्हाईक मोजायला आलं. मी टेपचं एक टोक धरून उभा, आणि नेमकी तेव्हा राणी पाकोळी आली, आपलं ते काळं-निळं फुलपाखरू. मादी होती. नरासारखी सुसाट गेली नाही, कोवळ्या पालवीभोवती घुटमळत राहिली. पोट वाकवून एका पानावर एक अंडं चिकटवलं, मग दुसरं पान गाठलं. काळ्या पंखांवरचा तो निळा पट्टा, खालून मुळाशी लाल ठिपके, सगळं हातभर अंतरावर. दादा गिऱ्हाइकाला सांगतोय, "ह्यांच्याच अळ्या आमची लिंबं खातात."

खातात, नाही कुठे? पण लिंबावर दादा औषध मारतो, पपनसाला कुणी विचारत नाही. चतुर्थीला गणपतीवरच्या माटवीत बांधायला दोन फळं काढली की संपलं. म्हणून तर अळ्या तिथे वाढतात. लहान असताना पक्ष्याची शीट वाटावी अशा, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. डिवचलं की डोक्यामागून शिंगं काढून घाण वास सोडायच्या. तुझ्या शर्टाला लागला होता, आठवतं?

रानात माकडलिंब आहे, तेही लिंबाच्याच जातीचं, अंडी घालायला जाईल ती तिकडे, हेही कळतं. सरकारने २०१५ साली तिला राज्य फुलपाखरू केलं, देशात असं करणारं आपलं पहिलं राज्य. पण दादाच्या सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही ना! बायको म्हणते, पाकोळीपायी सख्ख्या भावाशी भांडणार? भांडणार नाहीच. पण रात्रभर तेच डोक्यात.

आंबोलीला 'पुच्छ कुळातलं म्हणतोस, मग शेपूट कुठाय?' म्हणून तू चारचौघांत माझी उडवली होतीस. नसतेच तिला शेपूट, कुळ तेच. आणि देशातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू म्हणून सांगायचास, तुझ्या त्या सदर्न बर्डविंगचं काय झालं? पंखांचा पसारा १९० मिलिमीटर म्हणून मिरवायचास. २०२० साली हिमालयातल्या गोल्डन बर्डविंगची मादी १९४ भरली. माझी राणी दीडशेच्या आतच, पण मी कधी विक्रम सांगितला नव्हता.

तुझ्या दिल्लीत ती यायची नाही. श्रीलंका, दक्षिण भारत, सह्याद्रीच्या अंगाने गुजरातपर्यंत आणि पूर्व किनाऱ्याने बंगालपर्यंत, एवढंच तिचं राज्य. वहिनींची बदली झाली का? पोरीच्या दहावीचं कळव.

मुद्दा असा की दादा तुझं ऐकतो, का ते देव जाणे. फोन कर त्याला. पाकोळीचं नाव काढू नकोस, हसेल. विहिरीची वाट, सामायिक पाणी, हद्दीचा वाद, असलं काहीतरी घाल त्याच्या डोक्यात. विसार शुक्रवारी द्यायचं ठरलंय, त्याच्या आत कर.

तुझा,
नाना