डावी बाही सैल का झाली, हे विचारणाऱ्या टेलरकाकूंना

ती. काकू,
सा. न. वि. वि.

हे पत्र सूनबाई तुम्हाला वाचून दाखवतील. मशीन चालूच ठेवा, तुम्ही थांबणार नाही हे मला माहीत आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण लेकीचा आजार कुणी ओळखला असं विचारलं की मी तुमचं नाव सांगते आणि लोकांना ती थट्टा वाटते.

२०२३च्या दिवाळीत तुम्ही तिचं परकर-पोलकं शिवलंत. घालून बघितलं तर उजवी बाही नीट बसली आणि डावी लोंबायला लागली. कापताना चूक झाली म्हणून तुम्ही स्वतःवरच चिडलात. तिथल्या तिथे दोन्ही बाह्या उसवल्यात, एकीवर एक ठेवल्यात, तर सारख्याच! मग टेप तिच्या दंडाला लावलीत. उजवा साडेसात, डावा पावणेसात. वही काढलीत. आदल्या दिवाळीला एकच आकडा होता, सात. तुम्ही म्हणालात, "पोरीचा एक हात वर्षात वाढला आणि दुसरा आटला. हे कापडाचं काम नाही, हिला मोठ्या डॉक्टरला दाखव."

डाग आम्हाला दिसला नव्हता असं नाही. खांद्याखालून कोपराकडे उतरणारा पट्टा होता, मध्ये मेणासारखा पांढुरका, कडेने जांभळट. कुणी कोड म्हटलं, कुणी नायटा. एका दवाखान्यात चार महिने नायट्याचं मलम दिलं आणि आम्हीही ते निमूट चोळत राहिलो. कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं, ते सायकलवरून पडल्यामुळे असेल असं मी माझंच ठरवून टाकलं होतं. मलम देणाऱ्यांइतकाच दोष माझाही आहे.

कराडहून पुण्याला गेलो. मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी कातडी चिमटीत धरून बघितली, तुकडा तपासायला पाठवला आणि नाव सांगितलं: लिनिअर स्क्लेरोडर्मा. ह्यांनी रात्री फोनवर शोधलं, तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, काय काय निघालं. घरात कुणी जेवलं नाही. तो निराळा आजार, असं डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी समजावलं. नाव जवळचं असलं तरी तिचा एका जागेपुरता आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच कातडीवर उलटते, कातडी घट्ट होते आणि खालची चरबी, स्नायू, कधी हाडही धरते. संसर्गाचा नाही. (हे आमच्या वाड्यातल्या दोघींनी कृपया दोनदा वाचावं.) पण वाढत्या वयात हातापायावर आला की त्या अवयवाची वाढ खुंटू शकते, सांधा आखडू शकतो. म्हणून मुलांमध्ये नुसत्या मलमावर वाट बघत बसायचं नसतं.

डॉक्टरांनी विचारलं, "हात बारीक कधीपासून?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग मी तुमच्या वहीच्या पानाचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि आकडे फाइलमध्ये उतरवून घेतले. वर्षभरात एवढा फरक आणि कडेला जांभळा रंग, म्हणजे आजार अजून जागा आहे, उपचार आत्ताच सुरू करायचे, असं ते म्हणाले.

औषध होतं मेथोट्रेक्सेट. हे कॅन्सरमध्येही वापरतात कळल्यावर ह्यांचे हातपाय गळाले. तिचा डोस त्या मानाने फार कमी, उंची-वजनावरून काढलेला, आणि आठवड्यातून एकदाच. रोज चुकूनसुद्धा द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी आमच्याकडून वदवून घेतलं. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, ठरावीक दिवसांनी रक्त आणि लिव्हरची तपासणी, आणि सुरुवातीचे तीन महिने स्टिरॉइड. नुसत्या स्टिरॉइडवर भागणार नाही का, असं ह्यांनी विचारलंच. तेव्हा त्यांनी २०११ साली छापून आलेला, इटलीतल्या ७० मुलांवरचा अभ्यास सांगितला. स्टिरॉइडसोबत मेथोट्रेक्सेट घेतलेल्या ४६ पैकी १५ मुलांचा आजार पुन्हा उफाळला, न घेतलेल्या २४ पैकी १७ जणांचा. ह्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि सही केली.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. शनिवारी रात्री इंजेक्शन, रविवारी मळमळ. औषध पिवळंधमक, म्हणून तिला पिवळा रंग दिसला तरी उमासे यायचे. ती दुकानात येणार म्हटलं की हळदी रंगाचा तागा तुम्ही फळीमागे सरकवायचात. मला वाटतं हे तिला अजून कळलेलं नाही. स्टिरॉइडने गाल फुगले, पोट सुटलं, गणवेशाची हुकं लागेनात. तुम्ही शिवणीत सोडलेली माया उसवून दिलीत, गोळ्या कमी झाल्यावर पुन्हा आत घेतलीत. पैसे विचारले तर म्हणालात, "नवं काय शिवलंय?" कोपराचे व्यायाम करायला ती माझ्याकडे रडायची, पण तुमच्या दुकानात "वरच्या खुंटीवरचा टेप काढून दे" म्हटलं की डावा हात बरोबर ताणायची. खुंटी दर महिन्याला बोटभर वर जात होती, ती तुम्ही मुद्दाम नेत होतात ना?

आता औषध सुरू होऊन दीड वर्ष झालं. जांभळी कड गेली, कातडी मऊ पडतेय, कोपर जवळजवळ सरळ होतं. आजार शांत झाल्यावरही किमान वर्षभर औषध चालू ठेवायचं आहे. गेलेली चरबी सगळी भरून येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही तिला तसं सांगत नाही. पण तुमच्या वहीत तिच्या नावापुढे आता 'उ.' आणि 'डा.' असे दोन रकाने आहेत, आणि गेल्या महिन्यात त्यात आठ आणि सव्वासात लिहिलंय. फरक पाऊण इंचाचाच राहिला, म्हणजे डावा हातही उजव्याबरोबर वाढला. हे मी एसटीत बसून बोटांवर मोजलं आणि शेजारच्या बाईंना उगाचच चिक्की दिली.

जूनमध्ये नवा गणवेश. यंदा तिला आखूड बाही हवी आहे, तिने स्वतःच सांगितलंय. दोन्ही बाह्या वेगवेगळ्या मापाने कापा. गुरुवारी तिला घेऊन येते. शिलाई आधी घेणार असाल तरच कापड काढेन.

तुमची,
कराडची एक आई