चादर ओळखणारे हात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी पुण्यात असते. तिने मोबाईलवरून ‘ओरिजिनल सोलापुरी’ म्हणून दोन चादरी मागवल्या. पहिल्याच धुण्यात बादलीभर लाल पाणी निघाले. सोलापूरच्या लेकीला सोलापुरी म्हणून भलतेच काही मिळावे, हे मनाला फार लागले. सुट्टीला येताना तिने एक चादर सोबत आणली. मी ती पिशवीत घातली आणि नवी पेठेतल्या आमच्या नेहमीच्या दुकानात घेऊन गेलो.

मालकांनी आधी चादर उलटी केली. आपल्या जेकार्ड चादरीची नक्षी विणीतच असते, त्यामुळे ती मागच्या बाजूलाही उठून दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. या चादरीची पाठ नुसतीच पांढुरकी होती. मग त्यांनी कडेचा एक धागा ओढून त्याला काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, राख फुंकरीने उडून जाते. हा धागा आक्रसत गेला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. “पॉलिस्टर आहे काका. नक्षी पण छापलेली.” एवढेच बोलून त्यांनी चादरीची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिली. नवीन घ्या, असे एका शब्दाने म्हणाले नाहीत.

या दुकानात पूर्वी तीन नोकर होते, आज एक आहे. मी तासभर बसलो होतो, तेवढ्यात चारजण आले. दोघांनी चादरी उलगडून घेतल्या, हात फिरवून पाहिला, फोटो काढले आणि ‘घरी विचारून येतो’ म्हणून गेले. ती माणसे परत येत नाहीत, हे मालकांना ठाऊक असते. तरी ते प्रत्येकाला उठून माल दाखवतात. माल दुकानात हाताळायचा आणि पैसे मोबाईलवर भरायचे, हे मला पटत नाही. त्या उलगडलेल्या चादरी पुन्हा घडी घालणाऱ्या माणसाचा पगार कुठून निघणार?

माझे वडील मिलमध्ये होते. बहिणीच्या लग्नाचे कापड याच पेठेतून उधारीवर आले आणि वर्षभर पगारातून फिटले. कसली सही नाही, व्याज नाही, नुसते वहीतले खाते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या इथल्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हाही पेठेतल्या दुकानदारांनी माणसे तोडली नाहीत. पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बाईशी तेलुगूत, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नडात आणि आमच्याशी मराठीत, एकाच दमात बोलणारे हे लोक आहेत. मोबाईलवरचे हप्ते बँकेत पत असलेल्यालाच मिळतात. विड्या वळणाऱ्या बाईला ती पत कोण देणार?

ऑनलाइन खरेदीवर माझा राग नाही. पत्नीच्या गुडघ्याचा पट्टा इथे मापाचा मिळेना, तेव्हा मीही तो मोबाईलवरूनच मागवला. पण तिथे नियम पाळले जावेत की नाही? सोलापुरी चादर आणि टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडचा माल या नावाने विकणे हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव आणि पत्ता गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. मुलीच्या तक्रारीला ‘आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद’ एवढेच उत्तर आले. शेवटी तिने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. ज्यांची अशी फसगत झाली असेल त्यांनी गप्प न बसता हा नंबर लावावा.

‘दुकानदारांनीही ऑनलाइन विकावे’ असा सल्ला सगळेच देतात. पण लहान दुकानदाराची उलाढाल ४० लाखांच्या आत असली, तरी ऑनलाइन मंचावरून परराज्यात चादर पाठवायची तर त्याला जीएसटी नोंदणी घ्यावीच लागते. ऑक्टोबर २०२३ पासून सूट मिळाली, ती राज्याच्या आतल्या विक्रीपुरती. इथून कर्नाटकची हद्द तासाभरावर, आमचे निम्मे पाहुणे तिकडचे. सोलापूरला त्या सवलतीचा उपयोग तो किती? खासदार-आमदारांनी हा प्रश्न लावून धरावा.

महापालिकेकडेही एक मागणे आहे. गाडी कुठे लावायची, या धास्तीनेच निम्मे लोक नवी पेठेत यायचे टाळतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला खेड्यापाड्यांतून माणसे येतात, जाताना पेठेत खरेदी करतात. निदान त्याआधी पेठेच्या जवळ दुचाकींसाठी एक मोकळी जागा आखून द्यावी, तिथे पाटी लावावी आणि यात्रेचे दिवस तरी एक माणूस उभा करावा.

आपला,
एक ग्राहक,
दाजी पेठ, सोलापूर