हुमणीचा बंदोबस्त वळवाच्या पावसातच व्हावा

संपादक महोदय,

उसाची मुळे खाणाऱ्या हुमणी या किडीच्या बातम्या दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे बेटे पिवळी पडून हलक्या हाताने ओढली तरी उपटून येऊ लागतात तेव्हा छापल्या जातात. तोपर्यंत हुमणीची अळी तिच्या वाढीच्या तिसऱ्या, सर्वांत खादाड टप्प्यात गेलेली असते आणि आळवणीचा, म्हणजे मुळांशी औषध ओतण्याचा, खर्च बहुतांशी वाया जातो. म्हणून ही चर्चा आत्ता, मे महिन्यातच व्हावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

हुमणी वर्षातून एकदाच अंडी, अळी, कोष व भुंगेरा (पूर्ण वाढलेला, उडणारा कीटक) हे चक्र पूर्ण करते. नाकतोड्याचे पिल्लू नाकतोड्यासारखेच दिसते. येथे मात्र मुळे कुरतडणारी पांढरी, वाकडी अळी आणि कडुनिंबाचा पाला खाणारा तपकिरी भुंगेरा यांत काहीही साम्य नसते. शिवाय भुंगेऱ्यामुळे उसाचे नुकसान होताना दिसत नसल्याने पुष्कळ शेतकरी त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक पहिल्या तिन्ही अवस्था जमिनीतच पार पडतात आणि कोषातून निघालेला भुंगेराही पुढच्या वळवापर्यंत मातीतच बसून असतो. पाऊस झाला, की अंधार पडताना तो बाहेर येतो, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतो, तेथेच नर-मादीचे मीलन होते आणि उजाडण्यापूर्वी तो पुन्हा मातीत शिरतो. एक मादी ५० च्या आसपास अंडी घालते, हे लक्षात घेतले तर त्या काही रात्रींचे मोल कळेल.

फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे, हा उपाय जुना आणि स्वस्त आहे. प्रकाश सापळेही उपयोगी पडतात. मात्र त्यांत मित्रकीटकही मरतात, त्यामुळे ते रात्रभर न लावता संध्याकाळचे दोन-तीन तासच लावावेत. परंतु भुंगेरा उडणारा असल्याने एकट्याच्या शेतातल्या मेहनतीला फळ येत नाही. संपूर्ण शिवाराने एकाच वेळी, प्रत्येक वळवानंतर ही मोहीम घ्यायला हवी. साखर कारखान्यांनी शेतकी विभागामार्फत गटवार झाडे ठरवून द्यावीत व गोळा केलेल्या भुंगेऱ्यांना किलोमागे मोबदला द्यावा, ग्रामपंचायतींनी दवंडी द्यावी आणि आपल्या दैनिकाने वळवाच्या अंदाजासोबतच भुंगेरे गोळा करण्याची सूचना ठळकपणे छापावी, अशी विनंती आहे.

– एक ऊस उत्पादक, जि. सांगली