दिल्ली युद्धनौकेचं आधीचं नाव

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गोवा मुक्तीवरचा तुमचा लेख वाचला, चांगलाय, पण त्यात आयएनएस दिल्लीला 'जुनी ब्रिटिश बोट' म्हणून एका ओळीत उडवलंत ते काही पटलं नाही. अहो ती पूर्वीची ब्रिटिशांची अकिलीस! 13 डिसेंबर 1939 ला भल्या सकाळी दक्षिण अमेरिकेत रिव्हर प्लेटसमोर जर्मनांच्या ग्राफ श्पे या युद्धनौकेला भिडली तीच ही.

ग्राफ श्पेच्या तोफा 11 इंची, आणि अकिलीस अन् तिच्या सोबतची एजॅक्स दोघी लाइट क्रूझर (हलक्या, वेगवान युद्धनौका), तोफा 6 इंची, म्हणजे लांब राहिलं तर नुसता मार खायचा, म्हणून या दोघी वेगाच्या जोरावर एका बाजूने जवळ घुसल्या आणि 8 इंची तोफांची त्यांचीच एक्झेटर दुसऱ्या बाजूने, आता ग्राफ श्पेने तोफा वळवायच्या कुणाकडे? एक्झेटरची पार वाट लागली, 61 माणसं गेली. अकिलीसच्या नेम धरायच्या टॉवरवरच तुकडे उडाले, 4 जण गेले, तिचे कॅप्टन पॅरी यांच्या पायाला लागलं, तरी पाठलाग सोडला नाही. ग्राफ श्पे उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात शिरली, बाहेर मोठा ताफा टपलाय असं वाटून 17 तारखेला तिच्याच कॅप्टनने तिला उडवून दिलं.

गंमत म्हणजे 1948 ला आपण ही बोट घेतली आणि त्याच वर्षी हेच पॅरी आपल्या नौदलाचे प्रमुख झाले, 1951 पर्यंत होते! 1956 ला त्या लढाईवर ब्रिटिश सिनेमा आला त्यात अकिलीसचं काम पण आपल्या दिल्लीनेच केलं.

आता 1961. दीवच्या किल्ल्यावर मारा केला तो हिनेच. बोट 1933 पासूनची, म्हातारी होती खरी, 8 तोफांपैकी 6 च उरलेल्या कारण 1943 ला पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटाजवळ जपानी बॉम्बने एक टरेट (दोन तोफांचा फिरता बुरूज) गेलेला. आणि कारवारजवळच्या अंजदीव बेटाला होती ती म्हैसूर, ती पण ब्रिटिशांची लाइट क्रूझर, आधीचं नाव नायजेरिया. लेखात तेही नाही.

1978 ला दिल्ली भंगारात गेली पण तिचा एक टरेट न्यूझीलंडला भेट दिला, कारण 1939 ला तिच्यावरचे निम्म्याहून जास्त लोक तिकडचे होते. ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नेव्हल बेसवर आहे तो. तिकडे कुणी मराठी वाचक असेल तर फोटो पाठवा म्हणावं, आणि तुम्ही छापा.

एक वाचक, ठाणे